नाइट शिफ्ट, पीसीओडी आणि घोरणं, याचा दिवस न राहण्याशी संबंध असतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं नाइट शिफ्ट चालू आहे, पीसीओडी (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न सुटण्याचा त्रास) निघालंय, नवरा म्हणतो झोपेत खूप घोरतेस, आणि वर्ष होऊन गेलं तरी दिवस राहत नाहीयेत. तर हो, संबंध असू शकतो, आणि मला यातलं घोरणंच जास्त महत्त्वाचं वाटतं. मी गायनॅक ओपीडीला नर्स आहे, तिथे पाळीच्या तारखा, वजन, थायरॉइड सगळं विचारलं जातं पण झोपेचं क्वचितच कोणी विचारतं, आणि बायका स्वतःहून सांगत नाहीत कारण बाई घोरते म्हणायची लाज वाटते. फार वाईट वाटतं मला याचं.

घोरणं हे स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचं, लक्षण असू शकतं, आणि पीसीओडीत तो जास्त दिसतो, वजन फार नसलं तरी. घशाचा रस्ता बंद होऊन श्वास अडतो, ऑक्सिजन खाली जातो, शरीर दचकून अर्धवट जागं होतं, परत झोपतं, असं रात्रभर चालतं आणि सकाळी तुम्हाला यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड आणि दिवसभर पेंग. याने इन्सुलिन रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही आणि ते जास्त बनवावं लागतं. पीसीओडीत तो आधीच असतो, आणि जास्तीच्या इन्सुलिनमुळे ओव्हरीत पुरुषी हार्मोन जास्त बनतात, मग अंडं नीट पिकत नाही. 2023 च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) गाइडलाइनमध्येही अशा बायकांना घोरणं, दिवसा झोप येणं हे विचारा असं सांगितलंय.

शिफ्टचं म्हणाल तर अंडं सुटण्याआधी एलएच हार्मोन एकदम वाढतं, ते बऱ्याच जणींत पहाटे-सकाळी सुरू होतं, म्हणजे शरीराच्या घड्याळाशी जोडलेलं आहे. शिफ्ट सारखी बदलत राहिली की पाळी अनियमित होते हे आमच्या नर्सेसवरच्या अभ्यासांत दिसलंय. तैवानमध्ये 2018 ला एक मोठा अभ्यास आला, ॲप्निया सोडून निद्रानाशासारखे झोपेचे इतर विकार असलेल्या बायकांत वंध्यत्वाचं निदान साधारण साडेतीन पटीहून जास्त दिसलं. पण म्हणून झोपच कारण आहे असं सिद्ध होत नाही हां, थायरॉइड, डिप्रेशन याने दोन्ही बिघडतं, आणि दिवस राहत नाहीत या टेन्शननेच कितीतरी जणींची झोप उडालेली असते.

आता करायचं काय, तर नवऱ्याला सांगा मोबाइलवर घोरण्याचा व्हिडिओ काढ, मध्येच आवाज बंद पडून मग गचका देऊन श्वास येतो का ते त्यात कळतं. तो छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, गरज वाटली तर ते स्लीप स्टडी सांगतील, हल्ली घरीसुद्धा होते, बोटाला क्लिप, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा. ॲप्निया निघाला तर सीपॅप मशीन देतात, झोपताना मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घशाचा रस्ता उघडा ठेवतं. ते लावलं की लगेच दिवस राहतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तेवढा पुरावा नाही, पण बीपी आणि थकव्यासाठी उपचार करायलाच हवा, गरोदरपणात तर जास्तच. झोपेच्या गोळ्या, मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) गमीज स्वतःच्या मनाने अजिबात नको.

अजून एक, प्रोलॅक्टिनची (दूध तयार करणारं हार्मोन, जास्त झालं तर पाळी बिघडते) टेस्ट सांगितली असेल तर रक्त झोपून उठल्या उठल्या देऊ नका. झोपेत ते वाढलेलं असतं, त्यामुळे उठल्यावर दोन-तीन तासांनी द्या, आणि नाइट करून दुपारी झोपत असाल तर लॅबला तसं सांगा. आणि नवऱ्याची सीमेन टेस्ट (वीर्य तपासणी) झालीये का? तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीये, झाली नसेल तर या आठवड्यातच करून घ्या.