हार्डवुडचं घर भाड्याने घेताय? सुरुवातीला एवढंच बघा

न्यू जर्सीत पहिलंच घर आणि तेही हार्डवुडचं, म्हणजे लाकडी फळ्यांच्या जमिनीचं, अभिनंदन! लाकडी जमीन सांभाळणं अवघड नाही, फक्त आपल्या काही सवयी सोडाव्या लागतात.

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा. दाराजवळचे ओरखडे, खिडकीखालचे डाग, सगळं. त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा. हा कंटाळा करू नका, सगळी भांडणं इथेच होतात. इथल्या बहुतेक भाड्याच्या घरांना डिपॉझिटची मर्यादा दीड महिन्याच्या भाड्याची आहे आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशेब मिळायला हवा. रोजच्या वापराच्या झिजेचे पैसे डिपॉझिटमधून कापता येत नाहीत. खोल ओरखड्यांचे आणि पाण्याच्या डागांचे कापले जातात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बादलीभर पाण्याने पुसणं. फडकं घट्ट पिळून घ्या. स्टीम मॉप (वाफेने पुसणारं यंत्र) तर नकोच.
- तुळशीची कुंडी थेट लाकडावर ठेवणं. खाली ओल साचून काळं वर्तुळ उठतं, ते घासून जात नाही.
- खुर्च्यांच्या पायांना फेल्ट (मऊ जाड कापडाच्या चकत्या) न लावणं. डॉलर स्टोअरमध्ये मिळतं.

हिवाळ्यात हीटर सुरू झाला की फळ्यांमध्ये बारीक फटी दिसतील. लाकूड आकसतं, घाबरू नका.

घरात लहान मुलं असतील तर गालिचा घ्याच, खालचे शेजारी दुवा देतील. लीजमध्ये (भाडेकरारात) गालिच्याची अट आहे का तेही वाचा.

सँडिंग, पॉलिश वगैरेच्या भानगडीत आत्ता पडू नका. ते मालकाचं काम.