जर्सीआधी पासपोर्ट

चिरंजीवांस,
अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून भारताकडून फुटबॉल खेळावं का, हे तू एकोणिसाव्या वर्षीच विचारलंस ते बरं झालं. अठ्ठाविसाव्या वर्षी याचं उत्तर घाईत द्यावं लागलं असतं. फुटबॉलपटू रायन विल्यम्सची बातमी तू पाठवलीस: जन्म पर्थचा, आई मुंबईची, २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व. चांगलं आहे, पण त्याची गोष्ट अजून चालू आहे. मी तुला अराता इझुमीकडे बघायला सांगेन. त्याचा जमाखर्च आता मांडता येतो.

जन्म १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. वडील गुजराती, आई जपानी. २००६ मध्ये ईस्ट बंगालकडून खेळायला कोलकात्यात आला, तिथून मुंबईत महिंद्रा युनायटेड, मग आपल्या पुण्यात पुणे एफसी. इतकी वर्षं तो परदेशी खेळाडू म्हणूनच खेळला. क्लबला परदेशी जागा मोजक्याच आणि त्यांवर डोळा ठेवून ब्राझील-नायजेरियाचे स्ट्रायकर उभे. अशात टिकून राहणं हीच मोठी गोष्ट, तिचं कौतुक मात्र फारसं कोणी केलं नाही.

२००८ च्या अखेरीस सरकारने ठरवलं की भारतीय पासपोर्ट नसेल तर भारताची जर्सी नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे (हे बाबांना दोनदा वाचून दाखव, ते अजून वाद घालतात). अराताने जपानी पासपोर्ट सोडला, २०१२ मध्ये भारतीय झाला. नीलकंठ खंभोलजा हे त्याचं भारतीय नाव. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध पहिला सामना खेळला. आपण ४-२ ने हरलो. तेव्हा तो तिशीचा होता, आणि पुढे देशाकडून जे सामने मिळाले ते बोटांवर मोजता येतील.

नुसत्या सामन्यांवर बघशील तर सौदा तोट्याचा वाटेल. पण पासपोर्ट बदलला तसं बाजारातलं त्याचं स्थानही बदललं. आता तो परदेशी कोट्यातला नव्हता; परदेशात घडलेला पण भारतीय गणला जाणारा मिडफिल्डर होता. २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात तो विजेत्या ॲटलेटिको दि कोलकाताच्या संघात होता.

आता दुसरी बाजू. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद पडला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च स्पर्धेत, चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला, बालेवाडीच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये. तिथे ॲथलेटिक्सचा ट्रॅक मध्ये येतो, त्यामुळे स्टँडमधून घसा फोडून ओरडलं तरी टचलाइनपर्यंत पोचत नाही. दोनच वर्षांनी तो संघही गुंडाळला. नंतर अराता एफसी पुणे सिटीकडून खेळला. २०१९ मध्ये तेही संपलं, फ्रँचायझी हैदराबादला गेली. महाराष्ट्रातले त्याचे तिन्ही व्यावसायिक क्लब आज नाहीत. २०२५ मध्ये तर आयएसएलचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही. पासपोर्ट एकदा सोडला की सोडला; क्लबची मात्र पुढच्या वर्षीचीही खात्री नाही.

अराताला पुढे नेलं ते कोचिंगने. खेळणं थांबवल्यावर तो नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या फुटबॉल अकादमीच्या पोरांना शिकवू लागला, पुढे तिथला मुख्य प्रशिक्षक झाला. शाळकरी वयाची ती पोरं डेव्हलपमेंट लीग या तरुण खेळाडूंच्या स्पर्धेत आयएसएल क्लबांच्या मोठ्या पोरांशी भिडतात. मला विचारशील तर देशाला त्याचा जास्त उपयोग इथे झाला. जर्सी मिळते की नाही ते नशिबावर सोड, पण भारतात वीस वर्षं काम करायची तयारी आहे का, हे आत्ताच स्वतःला विचार. नसेल तर नको येऊस. मला अजिबात वाईट वाटणार नाही.

तयारी असेल तर ऐक. आत्ता तू परदेशी म्हणून आलास तर कोणी विचारणार नाही. ती जागा एकोणीस वर्षांच्या पोराला देतंय कोण? मेलबर्नमध्येच सीनियर फुटबॉलचे पूर्ण दोन-तीन हंगाम खेळ, बेंचवर बसून नाही. कोचिंगचं पहिलं लायसन्स तिथेच कर आणि दर रविवारी लहान पोरांचा एक सराव घे. कोन लावून शिट्टी मारणं कोणालाही जमतं. खेळ थांबवून एकाच पोराची एकच चूक वीस सेकंदांत सांगून पुन्हा खेळ सुरू करणं जमतंय का बघ. आणि हिंदी सुधार. इथल्या ड्रेसिंग रूममध्ये मिझो, मल्याळी, गोवेकर सगळे असतात, तुझी मराठी तिथे फार पुरणार नाही.

ओसीआय कार्डाचा अर्ज मात्र याच महिन्यात टाक. त्या वाटेने नागरिकत्व हवं तर कार्ड पाच वर्षं जुनं लागतं, शिवाय अर्जाआधी वर्षभर भारतात मुक्काम. कार्ड घेतल्याने ऑस्ट्रेलियन पासपोर्टला धक्का लागत नाही, आणि चोविसाव्या वर्षी दोन्ही दारं उघडी असतील. आजोबांचा जुना पासपोर्ट आमच्या कपाटात आहे, त्याचं स्कॅन लागलं तर कळव.

आईला नमस्कार.

तुझा,
काका