गोल्डफिशचे खवले गळत असतील तर काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दीड फुटी टाकीत दोन गोल्डफिश आणि एक सकर मासा आहे. मोठ्या गोल्डफिशच्या एका बाजूचे काही खवले गेलेत आणि तिथे फिकट चट्टा दिसतोय. मासा नीट खातोय, पण खवले का गेले हे कळत नाही आणि दुकानदाराने निळं औषध टाकायला सांगितलंय.

मासा खातोय ही सगळ्यांत चांगली बातमी. ते निळं औषध आज टाकीत ओतू नका, कारण खाली सांगतो. मी बरीच वर्षं गोल्डफिश पाळतोय आणि माझा अनुभव असा आहे की गेलेला खवला मासा स्वतः परत आणतो. आपण खवला का गेला ते शोधायचं आणि तो येईपर्यंत पाणी स्वच्छ ठेवायचं.

खवला कातडीवर वरून चिकटलेला नसतो. त्याचं मूळ त्वचेतल्या छोट्या खिशात असतं आणि त्याच्यावरूनही त्वचेचा एक पातळ, जिवंत थर आणि बुळबुळीत स्राव असतो. त्यामुळे खवला उपटला गेला की त्वचाही फाटते, म्हणजे ती खरोखरची जखमच असते. गोल्डफिश हा कार्प कुळातला, आपल्या रोहू-कटल्याचा नातलग. या कुळातल्या माशांना त्याच खिशातून नवा खवला येतो. खवल्यांवरची वर्तुळं मोजून माशाचं वय ठरवणारे अभ्यासक असे नव्याने आलेले खवले बाजूला काढतात, कारण त्यांच्या मधल्या भागात जुनी वर्तुळं नसतात. नदी-तळ्यातल्या माशांच्या अंगावरही असे खवले सर्रास सापडतात. जखमेवर त्वचा काही दिवसांत धरते. खवला दिसायला मात्र काही आठवडे, कधी दोनेक महिने लागतात.

तोवर धोका असतो तो वेगळाच. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खूप खारट असतं. त्यामुळे बाहेरचं पाणी सतत शरीरात शिरत राहतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपतात. त्वचा, खवले आणि तो बुळबुळीत थर ही गळती रोखून धरतात. तिथे भोक पडलं की आत शिरणारं जास्तीचं पाणी उपसून टाकायचा भार मूत्रपिंडांवर येतो. वर पाणी घाण असेल तर त्याच वाटेने जीवाणू शिरतात. एअरोमोनास नावाचे जीवाणू बहुतेक प्रत्येक टाकीत असतातच. धडधाकट माशाला ते काही करत नाहीत, पण थकलेल्या माशाच्या उघड्या जखमेत खड्डा पाडू शकतात.

आता कारण. तुमच्या टाकीत माझा पहिला संशय सकरवर आहे. दुकानात तो ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून देतात, पण मोठा झाला की शेवाळावर त्याचं भागत नाही. गोल्डफिश संथ असतो, रात्री तळाशी स्वस्थ पडून असतो आणि त्याच्या अंगावरचा स्राव सकरला आवडतो. तो अंगाला चिकटून स्राव खरवडतो आणि त्यात खवलेही जातात. रात्री दिवे बंद करून तासाभराने मोबाइलच्या उजेडात पाहा, बहुतेक वेळा चोर सापडतो. तसं दिसलं नाही तरी या दोघांना वेगळं करा. हा सकर पुढे फूट-दीड फूट वाढतो, तुमच्या टाकीत तो मावणारच नाही. दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला तरी द्या. पण कृपा करून नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. भारतातल्या अनेक नद्या-तलावांत हा परदेशी मासा असाच पोहोचला आहे आणि स्थानिक माशांना त्रासदायक ठरला आहे.

सकर नसेल तर टाकीतल्या वस्तू तपासा. पायातला जुना नायलॉनचा मोजा प्रत्येक दगडावरून, प्लॅस्टिकच्या झाडावरून, शोभेच्या किल्ल्यावरून फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे माशाचं अंगही सोलतं. ओरांडासारखे गोल पोटाचे मासे वळताना हमखास आपटतात. मासे धरायच्या हिरव्या जाळीनेही खवले निघतात. मासा हलवायचा असेल तर पाण्यासकट भांड्यात घ्या.

थंडी ओसरून पाणी उबदार झालं की नर मादीच्या मागे लागतो आणि तिला काचेवर, झाडांवर ढकलत राहतो. त्या धावपळीत मादीचे खवले जातात. अशा वेळी नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके उठतात. पुष्कळ जण त्याला व्हाइट स्पॉट हा परजीवींचा आजार समजून औषधं ओततात. व्हाइट स्पॉटचे दाणे मात्र अंगभर, शेपटीवरही, मीठ शिंपडल्यासारखे विखुरलेले असतात.

मासा दगडाला, काचेला अंग घासतोय का, हेही पाहा. घासत असेल तर एक तर परजीवी आहेत किंवा पाणी बोचतंय. अँकर वर्म साध्या डोळ्यांना दिसतो: अंगातून बाहेर लोंबणारा बारीक दोरा आणि मुळाशी लाल ठिपका. माशाची ऊ चपटी, पारदर्शक असते आणि अंगावर सरकताना दिसते. त्वचेवरच्या फ्लूक नावाच्या बारीक कृमी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. हे पाहुणे बहुतेक नव्या माशाबरोबर येतात. म्हणून नवा मासा आणला की तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा.

पण खरं सांगायचं तर माझ्याकडे कोणीही खवल्यांची तक्रार घेऊन आलं की मी आधी पाण्याचे आकडे विचारतो. दीड फुटी टाकीत जेमतेम 30 लिटर पाणी मावतं. गोल्डफिश खूप खातो, खूप घाण करतो आणि कल्ल्यांतून सतत अ‍ॅमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून, दगड आणि स्पंज नळाखाली धुऊन काढायची पद्धत आहे. त्यात हे जीवाणू वाहून जातात आणि मासा पुन्हा अ‍ॅमोनियात बसतो. अ‍ॅमोनियाने त्वचा आणि कल्ले भाजतात, मासा अंग घासतो आणि खवले उडतात. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर तोच अ‍ॅमोनिया आणखी घातक होतो.

म्हणून ऑनलाइन किंवा मत्स्यालयाच्या दुकानातून थेंबांची टेस्ट किट घ्या. अ‍ॅमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरला 40 मिलिग्रॅमच्या) खाली हवा. पहिल्या दोनपैकी काहीही दिसलं तर रोज निम्मं पाणी बदला. एरवी आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पुरे. नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं हवं आणि त्यात अँटी-क्लोरीन घातलेलंच हवं. पाणी बादलीत दिवसभर ठेवल्यावर क्लोरीन उडतो, पण पालिका क्लोरामाइन वापरत असेल तर तो असा जात नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. दोन गोल्डफिशना पुढे निदान 100 ते 120 लिटरची टाकी लागेल. हे ऐकायला जड वाटतं, मला कल्पना आहे, पण हा मासा नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. लहान टाकीत त्याला ती वर्षं मिळत नाहीत.

जखमेसाठी मी मीठ वापरतो. आयोडीनवालं पुड्यातलं बारीक मीठ न घेता साधं खडे मीठ घ्या, त्यात गुठळी होऊ नये म्हणून घातलेली पावडर नसते. लिटरला 1 ग्रॅम या हिशोबाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, मगभर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि हळूहळू ओता. बारा तासांनी आणखी तेवढंच. लिटरला 2 ग्रॅम झालं की थांबा. अंगातलं आणि बाहेरचं पाणी यांच्या खारटपणातला फरक थोडा कमी होतो, म्हणून माशाला दम मिळतो. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही. म्हणून जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घाला आणि आठ-दहा दिवसांनी पाणी बदलत बदलत ते काढून टाका. टाकीत जिवंत झाडं असतील तर हे सगळं वेगळ्या टबमध्ये एअर पंप लावून करा. सकरलाही मीठ फारसं मानवत नाही, त्याला आधी हलवा.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशी आणि काही परजीवींवर ते चालतं, पण फिल्टरमधल्या जीवाणूंनाही मारतं. म्हणजे जखम भरायच्या ऐन वेळी अ‍ॅमोनिया वाढणार. लागलंच तर टबमध्ये वापरा. दुकानातली पिवळी औषधी पावडर, माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या किंवा दोन-तीन औषधं एकत्र, यातलं काहीही नको. हळदही नको. आपल्या बोटाला कापलं की आपण हळद लावतो, पण टाकीत ती पाणी गढूळ करते.

घाई कधी करायची? चट्ट्याभोवती लाली पसरली, खड्डा पडला, कापसासारखे तंतू दिसले, किंवा मासा खाईनासा होऊन तळाशी पडून राहिला तर. आणि खवले गळण्याऐवजी अंगभर उभे राहिले, वरून पाहिल्यावर मासा फुललेला दिसला, तर तो वेगळाच प्रकार. त्याला ड्रॉप्सी म्हणतात. त्यात शरीरात पाणी साठलेलं असतं आणि तो क्वचितच बरा होतो. अशा वेळी माशांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा. रत्नागिरीच्या शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला शासकीय मत्स्य महाविद्यालयं आहेत, यांपैकी एखादं जवळ असेल तर तिथे चौकशी करून पाहा.

भरताना चट्टा काळसर झाला तर दचकू नका, बऱ्या होणाऱ्या त्वचेत असा काळा रंग येतो आणि बहुधा जातोही. नवा खवला थोडा फिकट येऊ शकतो. पर्लस्केल जातीचा मासा असेल तर मोत्यासारखा फुगीर खवला परत येत नाही, साधा चपटा येतो, त्याने माशाला काही त्रास होत नाही.

टाकी किती दिवसांपूर्वी मांडली, पाणी नळाचं आहे की बोअरचं आणि टेस्ट किटवर अ‍ॅमोनिया किती आला, एवढं खाली लिहा. चट्ट्याचा दिवसाउजेडातला एक फोटोही टाका, मग आणखी नेमकं सांगता येईल.