‘सध्या गावी असतो’ एवढंच लिहून थांबू नकोस

तुझा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. करून तू सहा-सात वर्षं आंध्रात नेल्लोरकडे व्हेनामी कोळंबीच्या तळ्यांवर होतास. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात घराचं छप्पर आणि निम्म्या सुपारी गेल्या, म्हणून दाभोळ खाडीकाठी घरी आलास, तो परत गेलाच नाहीस. आता माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी चार ओळींची माहिती मागितली आहे. बरोबरचे कोणी बँकेत कृषी अधिकारी, कोणी मत्स्यव्यवसाय खात्यात, एक जण नॉर्वेत. तू विचारतोयस, काय लिहू, की नावच देऊ नको?

नाव दे. आमच्या तुकडीची ही माहिती गोळा करायचं काम गेली पंधरा-सोळा वर्षं माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे थोडं हक्काने बोलतो.

पद आणि शहर एवढंच छापलेल्या नोंदी कोणी वाचत नाही. शेवटच्या वर्षाची पोरं स्मरणिका हातात घेतात ती ‘आपलं पुढे काय’ हे शोधायला, आणि त्यांना सापडतात पाटीवरची नावं. माझी स्वतःचीही नोंद तशीच होती.

मी १९९२ ला बाहेर पडलो. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूर, पुढे मिरजेहून रेल्वे, असं करत नेल्लोर गाठलं. टायगर कोळंबीचा जमाना होता. तळ्याच्या बांधावरच झोपडी, रात्रभर एअरेटरचा, म्हणजे पाण्यात हवा घालणाऱ्या यंत्राचा, आवाज. तो थांबला की झोप मोडायची. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. संध्याकाळी चेकट्रेमध्ये (कोळंबी खाते की नाही ते बघायची ताटली) खाद्य तसंच पडलेलं, सकाळी कोळंबी काठाला, आणि आठवड्याभरात तळं साफ. त्यातून सावरतोय तोच डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, किनारा नियमन क्षेत्रातले कोळंबी प्रकल्प मोडायचे. मी ज्या कंपनीत होतो तिने शेवटचे तीन पगार बुडवले. मी घरी आलो आणि दोन हंगाम वडिलांबरोबर कलमांवर फवारे मारले, वाशीला पेट्या धाडल्या. शिमग्याला चाकरमानी आले की पडवीत बसून एकच विचारायचे, ‘काय रे, सध्या गावीच?’ त्यातला ‘च’ कसा लागतो ते तुला सांगायला नको.

पुढे एका मत्स्यखाद्य कंपनीत चिकटलो. २००९ मध्ये देशात व्हेनामीला परवानगी मिळाली, धंदा पुन्हा उभा राहिला आणि त्या लाटेवर मीही वर गेलो. स्मरणिकेत छापून आलं ‘टेक्निकल मॅनेजर, मत्स्यखाद्य’. आंब्याची दोन वर्षं गायब! मग एकदा एका ज्युनिअरचा फोन आला. त्याची नोकरी गेली होती. म्हणाला, ‘सर, तुमचं सगळं सरळ होत गेलं, माझंच असं का झालं?’ मला उत्तर सुचेना. पेट्या उचलताना वाटली नव्हती एवढी लाज त्या दिवशी वाटली.

दुसरी गोष्ट आमच्याच तुकडीतल्या एका मैत्रिणीची. तिने एकच शब्द पाठवला होता, ‘गृहिणी’. मी तसाच छापला. नंतर तिच्या घरी गेलो तेव्हा कळलं की सासरच्या बर्फ कारखान्याचा सगळा हिशेब, बोटवाल्यांची उधारी आणि वीजबिलाची भांडणं वीस वर्षं तीच बघतेय. मासळीच्या धंद्यात उधारी वसूल करणं काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याने तिला मॅनेजरच म्हटलं असतं. तेव्हापासून कोणाकडून एका शब्दाची नोंद आली की मी उलट फोन करतो. (मुलींची आडनावं बदलल्यामुळे निम्म्या तर सापडतच नाहीत, तो वेगळाच वैताग.)

आता तुझ्या नोंदीबद्दल. तू लिहिलं आहेस की खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) जिताडा मासा सोडलास आणि पहिल्या खेपेला आकारानुसार पिल्लं वेगळी काढली नाहीस, म्हणून मोठ्यांनी लहान खाऊन टाकली. हे छापायला दे. पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण दर किती दिवसांनी जाळं लावून निवडायची, बीज कुठून आणलंस, वाटेत किती मेली, हे पुस्तकात नसतं. मऊ, मांस न भरलेल्या चिंबोऱ्या (खेकडे) घेऊन तीन-चार आठवडे खायला घालून भरवतोस, तर त्या कोणाकडून घेतोस, खायला काय घालतोस, तेही दे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान आहे हे सगळ्यांना पाठ असतं. ते हातात येईपर्यंत तू पैशांची सोय कशी केलीस, हे लिहिलंस तर एखाद्याचं घर वाचेल.

उत्पन्नाचा आकडा द्यायचा का? माझं मत, देऊ नकोस. खर्च लिही. उत्पन्न छापलं की भावकी जागी होते.

नेल्लोर का सोडलंस तेही एका वाक्यात येऊ दे. ‘वादळानंतर घरी कोणीतरी लागत होतं’ एवढं पुरे. त्यापुढे सफाई देत बसू नकोस, ती वाचताना माणूस दोषी वाटायला लागतो. आणि मोबाईल नंबर छापण्याऐवजी ई-मेल दे, नाहीतर बीज आणि खाद्य विकणारे रात्री दहाला फोन करतील. मी त्यांच्यातलाच होतो.

नॉर्वेवाल्याचं दडपण घेऊ नकोस. परदेशातल्यांच्या नोंदी मीच टाइप करतो. वर पदाची लांबलचक ओळ असते, आणि खाली मला खासगीत विचारलेलं असतं, ‘भरतीचं पाणी येतं अशी जागा तुमच्या बाजूला कुठे निघाली तर कळव.’

चार ओळींत हे बसणार नाही म्हणशील. मग दहा ओळी पाठव, छापणाऱ्यांशी मी बोलतो. पण त्याआधी एक सांग, खाजणाचा बांध तू चिऱ्याचा घातलास की मातीचाच ठेवलास? आणि पावसाळ्यात उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं बांधातलं दार) कशी सांभाळतोस? इथे दोन पोरं मला हेच विचारतायत आणि माझा सगळा अनुभव आंध्रातल्या तळ्यांचा आहे.