शेताच्या कडेला घर असल्यास वसंतातील भाजीपाल्याची सुरुवात कशी करावी?

शेताला लागूनच घर आहे, तर थंडी ओसरताच परसबागेत आधी काय लावावे आणि ते कशापासून जपावे, असा आपला प्रश्न आहे. लागवडीआधी शेजारच्या फवारणीची चौकशी करावी, असे माझे मत आहे. कारण २,४-डीसारख्या तणनाशकाचा वाऱ्याबरोबर आलेला अंशही टोमॅटोला सोसत नाही, शेंड्याची पाने अरुंद होऊन पिळवटतात, आणि पुष्कळ जण तो विषाणूजन्य रोग समजून भलतीच औषधे मारत बसतात. फवारणीचा दिवस आधी कळवण्याची विनंती शेजाऱ्याला करावी आणि वाफे बांधापासून शक्य तितके दूर, मध्ये दाट कुंपण ठेवून आखावेत.

शेणखत आयते मिळाले तरी तपासूनच घ्यावे, कारण अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशके वैरणीतून जनावराच्या पोटात जाऊनही शेणात टिकून राहतात. ते खत मिसळलेल्या मातीच्या कुंडीत घेवड्याचे चार-पाच दाणे पेरावेत. दोन-तीन आठवड्यांत नवी पाने वाटीसारखी आत वळली, तर ते खत वापरू नये.

पेरणी तारीख पाहून नव्हे, तर मातीचे तापमान पाहून करावी. सकाळी बोटभर खोलीवर ५ ते ७ अंश सेल्सिअस भरल्यास वाटाणा, पालक आणि मुळा पेरता येतात. घेवड्यासाठी मात्र १५ अंशांपर्यंत थांबावे. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचल्यावर फुटला नाही, तर त्या दिवशी कुदळ लावू नये.