सुटी गुणसूत्रं दिसली म्हणून लगेच निदान लिहू नकोस

कळीतल्या पेशींच्या अर्धसूत्री विभाजनात (मायोसिसमध्ये) सारख्या गुणसूत्रांच्या जोड्या जमतात. त्यातल्या डायकायनेसिस या उशिराच्या टप्प्यात युनिव्हॅलंट, म्हणजे जोडीविना सुटी गुणसूत्रं, दिसली की नवी मुलं थेट 'असिनॅप्सिस' (जोडी जमलीच नाही) लिहून मोकळी होतात. तू तसं करू नकोस. जोडी जमलीच नाही, की जमून सुटली, हे त्या टप्प्यावर कळत नाही. त्याआधीच्या, जोड्या पूर्ण जमतात त्या पॅकिटीन टप्प्यातल्या पेशी शोध. वेळ जातो, पण खरं उत्तर तिथेच असतं. धागे दुहेरी चिकटलेले दिसले आणि पुढे सुटले, तर तो डिसिनॅप्सिस.

दोन्ही दोष बहुधा एका अप्रभावी जनुकामुळे येतात. म्हणून निरोगी दिसणाऱ्या वाहक झाडाची स्वपरागित पिढी वाढव. निरोगी आणि सदोष झाडांचं साधारण ३:१ प्रमाण मिळालं तरच जनुकाचं नाव घे. पुण्यात एप्रिलच्या उन्हात शेतातल्या कळ्या घेतल्यास नुसत्या उष्णतेनेही जोड्या सुटू शकतात. त्याच कुटुंबातल्या निरोगी झाडाच्या कळ्या त्याच सकाळी, पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या त्याच अल्कोहोल-अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये टाक. ही तुलना नसेल तर मी तरी निष्कर्ष मानणार नाही.

उलटा दोषही असतो: नको त्या गुणसूत्रांची जोडी जमते. गव्हात ४२ गुणसूत्रं, तीन जीनोम (वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेले गुणसूत्रसंच), तरी २१ नीट जोड्या, कारण ५बी गुणसूत्रावरचं पीएच१ हे जनुक. १९५८ साली त्याचा परिणाम उघड झाला. ते नसेल तर वेगवेगळ्या जीनोममधली नातेवाईक गुणसूत्रंही एकमेकांशी जुळतात आणि तीन-चारांचे गुच्छ दिसतात.

आणि बागेतल्या कडेला लावतात ते जांभळ्या पानांचं ऱ्होइओ जरूर बघ. त्याची १२ गुणसूत्रं कड्यात किंवा साखळीत गुंफलेली दिसतात. तिथे जोडी जमवणारं जनुक शाबूत आहे. फक्त वेगवेगळ्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे.