उपरोध वाचताना कोणाला काय ठाऊक आहे ते पाहावे

उपरोधाचे, म्हणजे दिसते वा बोलले जाते त्याच्या उलट काही खरे असण्याचे, प्रकार पाठ करण्याआधी, प्रत्येक प्रसंगात कोणाला काय ठाऊक आहे, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकात राजा ईडिपस आधीचा राजा लायस याच्या मारेकऱ्याला शाप देतो. तो मारेकरी ईडिपसच आहे हे प्रेक्षकांना माहीत असते, त्याला मात्र नसते, आणि म्हणूनच त्याचे प्रत्येक निश्चयी वाक्य आपल्याला अस्वस्थ करते. हा नाट्यात्म उपरोध, माझ्या मते सर्वांत समृद्ध प्रकार. शाब्दिक उपरोधात बोलणारा जाणूनबुजून उलट अर्थ सुचवतो. प्रसंगनिष्ठ उपरोध मात्र जपून ओळखावा, कारण निव्वळ योगायोग किंवा दुर्दैव म्हणजे उपरोध नव्हे. संकट टाळण्यासाठी केलेली कृतीच ते ओढवून आणते, तेव्हा तो निःसंशय असतो.